दक्षिणेकडची भिंत

आमच्या घरात फळ यायचं ते आजारपणाबरोबर. कुणाला ताप आला, तो चार दिवसांत उतरला नाही आणि डॉक्टरांनी "हलकं काहीतरी द्या" म्हटलं, तरच मोसंबी दिसायची. मॅट्रिकच्या वर्षी मला टायफॉईड झाला तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापुरातून दोन मोसंब्या आणल्या होत्या. अव्वा, म्हणजे आई, दिवसाला चार फोडी सोलून द्यायची. दोन धाकट्या बहिणी उंबऱ्यावर बसून माझ्या तोंडाकडं बघायच्या. त्यांना सालं मिळायची. ती चावताना त्या डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. एकदा धाकटीनं विचारलं, "अव्वा, मला कवा ताप येनार?" अव्वानं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच पदरानं डोळे पुसले. अप्पा दारात चपला घालत होते. ते म्हणाले, "आपल्या दारात असलं एक झाड पायजे. बरं आसताना खायाला."

बस, एवढंच. त्यांना जन्मात दुसरं काही हवं होतं असं मी कधी ऐकलं नाही.

आम्ही होटगीला राहायचो. दोन खोल्या, मागं लहानसं परडं. अप्पा रेल्वेत गँगमन. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत मैलोन्‌मैल चालायचं, हे त्यांचं काम. बहात्तरच्या दुष्काळात परड्यातली शेवग्याची फांदीसुद्धा वाळली. स्टेशनात इंजिनाला पाणी भरायचा उंच खांब होता. त्याची सोंड बाजूला फिरवली की जे पाणी सांडायचं ते धरायला अव्वा घागर घेऊन उभी असायची. इतर बायकाही असायच्या. ड्रायव्हर दयाळू निघाला तर तो सोंड जरा सावकाश फिरवायचा. त्या पाण्याला कोळशाचा वास यायचा. त्यातच आमचा स्वयंपाक, त्यातच आंघोळ, आणि मी कॉलेजात घालायचो तो एकुलता एक पांढरा शर्टही त्यातच धुतला जायचा.

त्या पाण्यावर मी बी.एस्सी. झालो. वनस्पतिशास्त्र घेऊन. आमच्या भावकीत मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. आजही हे सांगताना माझी मान जरा वर होते, आणि ती होऊ नये असं मला वाटतही नाही. कॉलेजात उपाशी काढलेले दिवस, चपलेला मारलेले टाके, सगळं मी केलेलं आहे. पण त्या मानेनं एकदा काय केलं, ते सांगायला बसलोय.

सोलापुरात हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली. रोज पॅसेंजरनं जायचं, यायचं. पहिल्याच वर्षी एका रद्दीवाल्याकडं एक जाड पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक मिळालं. घराच्या बागेत लिंबाच्या जातीची फळझाडं कशी वाढवावीत, याचं. त्यात ग्रेपफ्रूटवर एक मोठं प्रकरण होतं. ग्रेपफ्रूट म्हणजे मोसंबीचा थोरला भाऊ आणि पपनसाचा धाकटा; थोडं आंबट, थोडं कडू. चित्रात विटांच्या भिंतीला लागून फळांनी लगडलेलं झाड होतं आणि शेजारी एक गोरी बाई उभी होती. तिनं कोट आणि हातमोजे घातले होते. बाग करायला कोट का घालावा लागतो, हा प्रश्न बी.एस्सी. झालेल्या माणसाला पडायला हवा होता. मला पडला नाही.

मी घरी जाहीर केलं, "अप्पा, झाड लावू या. ग्रेपफ्रूट."

"त्ये काय आसतंय?"

"पपनसासारखं. विलायती."

"मोसंबी लाव की लेका. मोसंबी हितं येतीया. कुर्डुवाडीच्या अंगाला रुळाकडंला बाग हाय मोसंबीची, ब्येस धरतीया."

"मोसंबी काय, कुणीही लावतं."

अव्वा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आमी त्या कुनीबीतलेच हाय की." आणि हसली. मी हसलो नाही.

एका सहकाऱ्याच्या हातून पुण्याच्या रोपवाटिकेतून तीन कलमं मागवली. ओल्या बारदानात गुंडाळलेली. दोन सरळसोट होती. तिसऱ्याचा सांधा, म्हणजे जंबेरी लिंबाच्या खुंटावर जिथं चांगल्या जातीचा डोळा बसवतात ती जागा, वाकडी होती आणि त्याला जेमतेम पाच पानं होती. पुस्तकात लिहिलं होतं, वाकड्या सांध्याचं कलम लावू नये. मी ते उचलून बाजूला टाकलं.

मृग उलटला होता. अप्पा कुदळ घेऊन न्हाणीच्या मागं, कडुलिंबाच्या झाडाच्या पूर्वेला उभे राहिले. "हितं लावू. सकाळचं ऊन हाय, दुपारची सावली हाय. न्हानीचं पानी आपसुक येतंय."

"तिथं नाही. भिंतीला लावायची."

"कंच्या?"

"मागच्या. दक्षिणेकडं तोंड असलेल्या."

ती भिंत दगडाची, चुन्यानं पांढरी केलेली. दिवसभर ऊन तिच्यावरच. अप्पांनी भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तक उघडून एकेक वाक्य मराठीत करून वाचून दाखवलं. झाडाला दक्षिणेच्या भिंतीचा आडोसा द्यावा. भिंत दिवसभर उष्णता साठवते आणि रात्रभर ती झाडाला परत देते.

"रातीला बी देती?" अप्पांनी विचारलं.

"हो. तोच तर फायदा."

"आरं, उन्हाळ्यात मानूस सुदा खाट भितीपासनं लांब सरकावतंय. झाडाला सरकता येतंय व्हय?"

"अप्पा, हे शास्त्र आहे."

"आसंल की. पर लेका, उन्हानं लोखंड वाकतंय. मे म्हैन्यात आमी रूळ तपासायला जातो त्ये कशापायी? त्ये तर पान हाय. आन्‌ भितीच्या बुडात चुना बी हाय, त्यो मुळाला बाधतोय."

मी पुस्तक मिटलं. मिटताना जरा जोरातच मिटलं. "तुम्हाला वाचता येत असतं तर मी वाद घातला असता," मी म्हणालो.

अप्पांनी कुदळ भिंतीकडं नेली. दोन खड्डे त्यांनीच खणले, कारण मला पॅसेंजर गाठायची होती.

पावसाळा आणि थंडी दोन्ही झाडांना मानवली. कोवळी पानं फुटली, दिवाळीपर्यंत झाडं कमरेला आली. भिंतीची रात्रीची ऊब थंडीत खरंच लागत असणार. मी हात लावून बघायचो आणि अप्पांनाही लावायला सांगायचो. ते लावायचे. "ऊन हाय," म्हणायचे. सांध्याच्या खालून जंबेरीचे काटेरी फुटवे यायचे, ते अप्पा कामावरून आले की नखानं खुडून टाकायचे. हे त्यांना कुणी शिकवलं, मी विचारलं नाही. पाणी आठवड्यातून एकदाच घालायचं, असं मी ठरवून दिलं होतं. जास्त पाण्यानं मुळं कुजतात, असं पुस्तकात होतं. शाळेत मी या झाडांबद्दल इतकं बोललो की मुख्याध्यापक म्हणाले, "एकदा यायला पाहिजे बघायला."

होळीच्या सुमारास पानांच्या कडा तपकिरी झाल्या. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी काही पानं दिसायला लागली. मी पुस्तकात शोधलं. त्यात थंडीनं पान जळण्यावर चार पानं होती. उन्हानं जळण्यावर एक ओळ नव्हती.

एक दिवस शाळेतून आलो तर दोन्ही झाडांवर मांडव. चार वाकड्या काठ्या, वर कडब्याच्या पेंढ्या, पश्चिमेच्या बाजूला फाटकं बारदान लोंबतंय, आणि झाड आणि भिंत यांच्यामध्ये आमच्या जुन्या दाराची फळी उभी केलेली. बघायला वाईट दिसत होतं, पण आठवडाभरात नवी पानं करपायची थांबली. ते मला दिसलं होतं. मला ते दिसलं होतं, म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो.

त्यानंतरच्या रविवारी मुख्याध्यापक आले, दोन शिक्षकांना घेऊन. मी स्टेशनवर आणायला गेलो. घरी अव्वानं जोंधळ्याचं पीठ बाजूला ठेवून गव्हाच्या पोळ्या केल्या होत्या. आम्ही परड्यात गेलो. मुख्याध्यापकांनी मांडवाकडं पाहिलं आणि सहज हसून म्हणाले, "अहो, ही कसली झोपडी? झाड कुठंय तुमचं?"

दोन्ही शिक्षक हसले. त्यात वाईट हेतू काही नव्हता. पण मला ती झोपडी एकदम आमच्या सगळ्या घरासारखी दिसली. कडबा, फाटकं बारदान, मोडकं दार. अप्पा बाजूला तांब्या घेऊन उभे होते, पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला.

मी म्हणालो, "हे आमच्या वडिलांचं काम, सर. अडाणी माणूस. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत."

वडिलांसमोर म्हणालो. पाच पावलांवर.

मग अप्पाच म्हणाले, "व्हय जी. आमी अडानीच." आणि तांब्या पुढं केला.

मी थांबलो असतो तर अजून सावरता आलं असतं. मी थांबलो नाही. पुढं झालो, काठ्या उपटल्या, कडबा ओढून टाकला, फळी काढून कुंपणाला टेकवली. झाडं उघडी पडली. "असं दिसलं पाहिजे," मी म्हणालो. मुख्याध्यापक पानं न्याहाळत "छान, छान" म्हणाले, पण त्यांची नजर अप्पांकडं जात होती. जेवताना त्यांनी अप्पांना आपल्या शेजारी बसवून घेतलं. माझ्याशी ते नोकरीपुरतंच बोलले.

पाहुणे गेल्यावर मी अप्पांना बजावलं, "आता झाडांना हात लावू नका. मी बघतो."

"बरं," ते म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी मला बार्शीला शिक्षकांच्या शिबिराला जावं लागलं, पंधरा दिवसांसाठी. परत आलो तेव्हा अंगणातून सरळ परड्यात गेलो. पानं झाडावरच होती, पण बोटात धरली की पापडासारखी मोडत होती. खोडाची भिंतीकडची साल तडकली होती. मी नखानं खरवडून पाहिलं, आत हिरवं काही उरलेलं नव्हतं. भिंतीला हात लावला. संध्याकाळ झाली होती, तरी हात ठेववेना.

अव्वा मागं येऊन उभी होती.

"अप्पांनी बघितलं नाही?"

"रोज बघत हुते. कामावनं आलं की हितं उकिडवं बसायचे. आटवड्याला एकदा पानी घालायचे, तू सांगितल्यावानी."

"मग सावली का नाही केली?"

"तूच म्हनलास की, हात लावू नगा म्हनून." ती आत जाता जाता म्हणाली, "तुजा शबुद मोडला न्हाय बाबा त्येनी."

मी दोन्ही खोडं उपटली. न्हाणीच्या मागं कचऱ्याचा खड्डा होता, तिथं टाकायला गेलो. कडुलिंबाच्या पूर्वेला, जिथं अप्पा त्या दिवशी कुदळ घेऊन उभे राहिले होते, तिथं गुडघ्याएवढं एक झाड होतं. डोक्यावर बारदानाचा तुकडा, बुडात पाचोळा, न्हाणीचं पाणी यायला बोटाएवढा पाट. त्या पाण्यात साबण कमी आणि अप्पांच्या अंगावरची धूळ जास्त. पानं गर्द हिरवी. मी वाकून सांधा पाहिला. वाकडा होता.

वर्षभर ते झाड तिथं होतं. मी रोज त्या न्हाणीत आंघोळ करत होतो आणि एकदाही मागं डोकावलो नव्हतो.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला चोरी पकडल्यासारखं झालं, आणि चोर मीच. मेलेली दोन झाडं मी तिथं टाकली नाहीत. ती कुंपणाबाहेर लांब नेऊन टाकली आणि घरात आलो. झाड दिसलं, असं कुणाला बोललो नाही.

आणि मग वर्षं गेली. खरंच वर्षं गेली. मला दिसलंय हे अप्पांना ठाऊक होतं, कारण मी न्हाणीच्या मागं जायचं टाळत होतो. ते झाडाबद्दल बोलत नव्हते, मी विचारत नव्हतो. बाकी सगळं बोलणं चालू होतं. पगार, बहिणींची लग्नं, अव्वाचं गुडघादुखीचं औषध. ते मला आता "तू" म्हणताना जरा अडखळायचे. एकदा माझ्या मित्रासमोर "सर आले" असं म्हणाले, माझ्याबद्दल. मित्राला ते कौतुक वाटलं.

पुस्तक मी पेटीच्या तळाशी ठेवलं होतं. एकदा काढलं तेव्हा सुरुवातीची पानं वाचली, जी मी पहिल्यांदा प्रस्तावना म्हणून सोडून दिली होती. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की हे पुस्तक थंड मुलखातल्या बागांसाठी आहे, जिथं उन्हाळा तोकडा असतो आणि सूर्याचा प्रत्येक किरण झाडासाठी वाचवावा लागतो. पुस्तकाची काही चूक नव्हती. इंग्रजी मला येत होतं.

अप्पा रिटायर झाले. झाड आता त्यांच्या डोक्याच्या वर गेलं होतं. त्या वर्षी मार्गशीर्षात मी पाहिलं, आता लांबून बघायला लागलो होतो, की झाडाची पानं मलूल झालीत, काही गळतायत. न्हाणीचा पाट मातीनं बुजवलेला होता. मला वाटलं, अप्पांचं वय झालं, ध्यान राहिलं नाही. ते देवळात गेल्यावर मी एक बादली पाणी आळ्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आठवडाभर ओतत राहिलो. पानं पुन्हा ताठ झाली. मला बरं वाटलं.

मग एका सकाळी परड्यातून अप्पांचा आवाज आला. "पानी कुनी घातलं हितं?"

अव्वा दाळ निवडत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ओरडून सांगितलं, "कुत्र्यानं घागर लवंडली आसंल."

"कुत्रं लई शहानं दिसतंय. बरोब्बर आळ्यातच लवंडलं."

मी उठून न्हाणीच्या मागं गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं त्या झाडापाशी उभे होतो.

"मी घातलं, अप्पा."

त्यांनी मान हलवली. त्यांना माहीत असावं.

"पानं मलूल झाली होती. मला वाटलं, मरतंय."

"ताण दिलाय त्याला. पानी तोडायचं, पानं गळू द्यायची. तहान लागल्याबिगर झाड फुलाचं मनावर घेत न्हाय. मग संक्रातीला पानी सोडायचं. कुर्डुवाडीच्या बागंत आसंच करत्यात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माळ्यानं. तिकडं काम लागलं की आमी जेवायला त्याच्याच बांधावर बसायचो." ते माती चिमटीत घेऊन बघत होते. "आता ह्या सालाला पालाच येनार. फूल न्हाय."

तीस वर्षं रुळाच्या कडेनं चालत गेलेल्या माणसानं किती बागा पाहिल्या असतील, कुणाकुणाच्या बांधावर भाकरी सोडली असेल, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं, अप्पा," मी म्हणालो. हे वाक्य त्या घरात मी डिग्री घेतल्यापासून उच्चारलं नव्हतं. एकदा निघाल्यावर मागचंही निघालं. "त्या दिवशी मुख्याध्यापक आले होते तेव्हा..."

"चांगला मानूस हुता. दोनदा पानी मागून पिला."

"मी तुम्हाला अडाणी म्हणालो."

"म्हनला हुतास."

त्यांनी खुरपं घेतलं आणि ओली माती वरखाली करायला बसले, वारं लागावं म्हणून. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अडानी तर मी हायच. त्याचं काय न्हाय. सावली काढलीस त्याचं वाईट वाटलं. झाडाचा काय गुन्हा हुता?"

मी शेजारी बसलो आणि हातानं माती मोकळी करायला लागलो. त्यांनी माझे हात पाहिले. "आसं न्हाय," म्हणाले आणि खुरपं माझ्याकडं सरकवलं. "मुळाला लागू दिऊ नगंस. वरवर."

म्हणाले तसंच झालं. त्या वर्षी नुसता पाला आला. गावातलं कुणीतरी म्हणालं, "वांझ दिसतंय झाड." अप्पा म्हणाले, "न्हाय, आमचंच जरा चुकलं." आमचं म्हणाले. ते मला तोंडात मारल्यासारखं लागलं.

पुढच्या मार्गशीर्षात पाट मी बुजवला, अप्पांनी सांगितलेल्या दिवशी. पानं गळाली, मी गळू दिली. संक्रांतीनंतर पाट मोकळा केला. माघात झाड पांढरं झालं आणि त्याचा वास न्हाणीत आंघोळ करताना यायचा.

दिवाळीनंतर फळं उतरवली. नऊ होती. एक मी मुख्याध्यापकांच्या घरी घेऊन गेलो. "आमच्या वडिलांनी वाढवलंय," असं सांगितलं.

"त्या झोपडीवाल्यांनी?" त्यांनी विचारलं. त्यांच्या ते ध्यानात होतं.

"व्हय," मी म्हणालो.

घरी अप्पांनी विळीवर एक फळ चिरलं. दोन्ही बहिणी माहेरी आल्या होत्या, पोरांना घेऊन. अव्वानं फोड तोंडात घातली आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय की वं!"

"विलायती हाय त्ये," अप्पा म्हणाले. "मीठ लावून खा."

धाकटीनं साल बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा फोड उचलली. सगळ्यांनी खाल्लं, मीठ लावून, साखर लावून. अप्पांनी दोन फोडी खाल्ल्या.

त्या दिवशी आमच्या घरात कुणीही आजारी नव्हतं, आणि आम्ही आमच्या दारातलं फळ खाल्लं.